कीबोर्डवरच्या अक्षता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे चेअरमन माननीय मन्मथप्पा होनराव, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले सर्व सन्माननीय संचालक, खुर्ची कमी पडल्यामुळे मोठ्या मनाने उभे राहिलेले व्हाइस चेअरमन साहेब, आजचे सत्कारमूर्ती शेख अजीज, त्यांच्या सौभाग्यवती शहजादीभाभी, कन्या अदिबा, शेतकी विभागातले माझे सहकारी, काट्यावरचे, गव्हाणीवरचे आणि मळीच्या टाकीवरचे कामगार बंधू, दूरदूरच्या गटांतून आलेले ऊस उत्पादक सभासद, आणि मागच्या दाराशी चहाच्या पातेल्यावर लक्ष ठेवून असलेले सर्व हितचिंतक! मी केदारनाथ, या कारखान्याचा शेतकी अधिकारी, आपणा सर्वांना मनःपूर्वक नमस्कार करतो.

मला बोलायला सात मिनिटं दिली आहेत. आमच्या खात्यानं ‘पंधरा दिवसांत ऊसतोड येईल’ असं सांगितलं की शेतकरी महिनाभराची तयारी करून बसतो. आपणही तेवढी तयारी ठेवावी.

अजीजभाईंबद्दल माझ्याआधी पाच वक्ते बोलले. ते मनमिळाऊ आहेत, मितभाषी आहेत, कर्तव्यदक्ष आहेत, असं पाचही जणांनी सांगितलं. मागच्या महिन्यात आपण ज्यांना निरोप दिला तेही कर्तव्यदक्षच होते. ते सकाळी हजेरी लावून घरी जात आणि संध्याकाळी पुन्हा हजेरी लावायला येत, यात त्यांनी कधी खंड पाडला नाही. तेव्हा नुसत्या विशेषणांवर भागवू नये, थोडी पक्की माहिती काढावी, म्हणून परवा मी आस्थापना विभागातून अजीजभाईंचं सेवापुस्तक मागवलं. भाषणाची तयारी मी मनापासून करतो.

सेवापुस्तकाला एक अर्ज टाचलेला होता. अजीजभाई एकतीस वर्षं या कारखान्यात मेकॅनिक होते आणि त्यातली अठ्ठावीस वर्षं वजनकाट्यावर होते, हे आपण जाणताच. निवृत्तीनंतर त्यांना सिरसाळ्याच्या बाजारात तराजू आणि काटे दुरुस्तीचं दुकान टाकायचं आहे. त्याला वजनमापे खात्याचा परवाना लागतो. जो माणूस दुसऱ्याचा काटा उघडणार तो सचोटीचा आहे, असा जुन्या मालकाचा दाखला ते खातं मागतं. मागणी रास्त आहे. अजीजभाईंनी दाखल्यासाठी अर्ज केला त्याला आज एकवीस दिवस झाले. दाखला मिळालेला नाही. का मिळाला नाही? कारण सेवापुस्तकाच्या एकोणिसाव्या पानावर एक शेरा आहे. मी वाचून दाखवतो. ‘सचोटी संशयास्पद. यापुढे वजनकाट्यावर नेमू नये.’ त्याखाली शिफारस करणाऱ्याची सही आहे. सही वळणदार आहे. ती माझी आहे.

चहा अजून उकळायचा आहे असं दिसतं. तेव्हा हा शेरा कसा पडला ते सांगून टाकतो.

शहाण्णव सालची गोष्ट. देश खुला झाला, असं पाच वर्षं पेपरात येत होतं. आपल्या कारखान्यात तो खुला होऊन पोहोचला तो पुण्याच्या एका कंपनीच्या सहा कॉम्प्युटरच्या रूपानं. एक मुख्य ऑफिसात, पाच गट ऑफिसांत. त्यात एक प्रोग्रॅम होता. कोणी ऊस कधी लावला, तो कधी पक्व होणार, कोणाच्या फडात तोडणीची टोळी कधी जाणार, गाड्या काट्यावर कोणत्या क्रमानं येणार, हे सगळं त्यानं ठरवायचं. त्याआधी हे काम माझं एक लाल रजिस्टर करत असे. माझ्या मेव्हण्याचा ऊस त्या रजिस्टरात इतरांच्या आधी पिकतो, असं काही सभासदांचं म्हणणं होतं. जमीनच तशी असेल. पण बोलणी फार झाली म्हणून आपण कॉम्प्युटर आणला. वार्षिक सभेत मी याच व्यासपीठावरून सांगितलं होतं, की या यंत्राला पासवर्ड नावाचं कुलूप आहे, आता ब्रह्मदेव आला तरी लागणीची तारीख बदलणार नाही. आपण टाळ्या वाजवल्या होत्या. त्या मी अजून परत केलेल्या नाहीत.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी कोयत्यापासून बॉयलरपर्यंत सगळ्यांची पूजा होते, कॉम्प्युटरला वगळणार कसं? बंद ठेवला तर तो बिघडलेल्या टीव्हीसारखा दिसत होता, म्हणून मी चालू करायला लावला. हळदकुंकू, झेंडूची फुलं, मग अक्षता. आपल्या कॉम्प्युटर ऑपरेटर रोहिणीताई समोर बसल्या आहेत, त्या म्हणाल्या, “साहेब, बटनांवर तांदूळ नका टाकू.” मी विचारलं, मग याचं डोकं कुठं आहे? त्यांनी टेबलाखालचा डबा दाखवला. मी अनुभवी माणूस. दोन्हीकडं अक्षता टाकल्या. कुठल्याही यंत्राची उपेक्षा झाली असं व्हायला नको.

दसऱ्याची सुटी झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी रोहिणीताई तेलगावला माहेरी गेलेल्या होत्या. मी एकटाच ऑफिसात आलो आणि म्हटलं, शेतकी अधिकाऱ्याला यंत्र चालू करता आलं पाहिजे. चालू केलं. त्यानं पासवर्ड विचारला नाही. सरळ बोरखेड गटाची मूळ नोंदयादी उघडून समोर ठेवली. मला वाटलं, पूजा पावली. बटनांवर हळदकुंकू तसंच होतं, ते बरं दिसेना. मी खिशातला रुमाल काढला आणि सगळी बटनं या टोकापासून त्या टोकापर्यंत, चांगली दाबून दाबून, दहाबारा वेळा पुसली. यंत्र मधूनमधून टिंग टिंग करत होतं. स्वच्छतेबद्दल ते आभार मानत असावं, असा माझा समज झाला. मग मी यंत्र बंद केलं. वरच्या ओळीतलं एक बटन खाली बसलेलं दिसलं, म्हणून अजीजभाईंना निरोप धाडला. आपल्या कारखान्यात ज्या वस्तूला बटन आहे ती शेवटी अजीजभाईंकडं जाते.

आता कर्तव्यदक्ष म्हणजे काय, ते पाहा. अजीजभाईंनी बटन उचकटलं, खालून तांदळाचा एक दाणा काढला. दुसरा कोणी असता तर दाणा फुंकून बटन बसवून चहाला गेला असता. अजीजभाईंनी यंत्र चालू केलं. यंत्रानं पासवर्ड विचारला. त्यांनी बंद केलं, दाणा पुन्हा बटनाखाली ठेवला, चालू केलं. यंत्रानं काही विचारलं नाही, यादी उघडली. असं त्यांनी तीनदा केलं. काटा तपासताना ते वजन तीनदा ठेवतात, तीच सवय. मग ते माझ्या टेबलाशी आले.

“साहेब,” ते म्हणाले, “कुलूप लई चांगलं हाय. पर हे एक बटन दाबून धरलं की दार उघडंच हाय. कोनीबी शिरंल. आन मी ह्यो दाना काडलाय, पर दार काय बुजलं न्हाई.”

मी म्हणालो, बरं.

“बरं न्हाई साहेब. तीन कामं करावी लागतील. पुन्याच्या कंपनीला आजच्या आज कळवा, ह्योच प्रोग्रॅम आनिक कारखान्यांत असंल. पाची गटाच्या आफिसांना सांगा, दुरुस्ती येईस्तोवर यंत्राच्या खोलीला खरंखुरं कुलूप लावा. आन आजच यादी छापून काडा, तुमच्या लाल रजिस्टराशी ताडून बगा. कोनी शिरलं आसंल तर आत्ताच कळंल, फडात टोळ्या गेल्यावर न्हाई.”

आणि एवढं सांगून ते थांबले नाहीत. कंपनीला धाडायचं पत्र त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून, तारीख घालून माझ्यापुढं ठेवलं. माझ्या सहीपुरतीच जागा सोडली होती.

सभासद बंधू-भगिनींनो, मी काय करायला हवं होतं, हे एखाद्या शाळकरी मुलानंही सांगितलं असतं. पण मी अधिकारी होतो. मी अधिकाऱ्यासारखा विचार केला. दहा दिवसांवर बॉयलर पेटवायचा मुहूर्त. चेअरमन साहेबांनी गावोगाव सांगितलेलं, की कॉम्प्युटरला नातीगोती नाहीत. आणि आता मीच जाहीर करू, की या कुलपाला तांदळाचा दाणा लागतो? मी अजीजभाईंना म्हणालो, हंगाम नीट सुरू होऊ द्या, मग बघू, तोवर कोणाशी बोलू नका. ते म्हणाले, “तुमी साहेब हायत.” मी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. आमच्या खात्याचा ड्रॉवर खोल आहे.

हंगाम वाजतगाजत सुरू झाला. मार्गशीर्षात एक दिवस बोरखेडच्या भिवराबाई ऑफिसात आल्या. त्या आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, भिवराबाई, नमस्कार. त्यांचा ऊस चौदा महिन्यांचा झाला होता, तुरे आले होते, शेजारचे दोन्ही फड तुटून गेले होते आणि यांच्या बांधावर टोळी यायचं नाव नव्हतं. रोहिणीताईंनी यंत्रात पाहिलं आणि सांगितलं, की बोरखेडला या नावाचा सभासदच नाही. मी खात्री करून तेच पुन्हा सांगितलं. भिवराबाई म्हणाल्या, “न्हाई कशी? मी ही काय हुबी हाय की तुमच्याम्होरं!” आणि त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून नोंदणीची पावती काढून टेबलावर ठेवली. त्या पावतीवरही माझीच सही होती. मी फार सह्या करतो.

शोध घेतला तेव्हा बोरखेड गटातली अकरा नावं यादीतून नाहीशी झालेली निघाली. अकरा फड शेतात उभे आणि यंत्रात नाहीत. आता मात्र पुण्याला फोन गेला. कंपनीनं महांतेश नावाचा एक इंजिनियर धाडला. शांत, सज्जन मुलगा. त्यानं सगळं तपासलं आणि सांगितलं, की अकराही नावं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काढली गेली आहेत. कशी काढली, तेही त्यानं चौकशी समितीसमोर करून दाखवलं. वरच्या ओळीतलं दुसरं एक बटन दाबायचं, नाव जायला निघतं. यंत्र टिंग करून विचारतं, नक्की का? उजवीकडचं मोठं बटन दाबायचं, नाव जातं. वरचं, उजवीकडचं. वरचं, उजवीकडचं. टिंग, टिंग.

मी ते पाहिलं आणि माझा हात आपोआप खिशातल्या रुमालाकडं गेला.

महांतेशनं एक प्रश्न विचारला. तो म्हणाला, “खोट कुठल्याही प्रोग्रॅममध्ये निघते, आमच्यात निघाली, आमची चूक. पण इथं ती पहिल्यांदा कोणाला कळली, आणि कळल्यावर त्यानं ती सांगितली का?” साधा प्रश्न होता. अजीजभाई उठून म्हणाले, की मला कळली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, यंत्र मीच उघडलं होतं. समितीतल्या एका संचालकांनी विचारलं, मग कोणाला सांगितलं? अजीजभाईंनी माझ्याकडं पाहिलं. अंतर फार नव्हतं, या माइकपासून त्या समईपर्यंत. ते म्हणाले, “सांगितलं होतं. ज्यास्नी सांगितलं त्यास्नी याद असंल.”

मी त्या वेळी सभेची विषयपत्रिका वाचत होतो. ती एकाच पानाची होती. मी ती बराच वेळ वाचली.

पुढचं सगळं नियमानुसार झालं. यंत्र उघडलं अजीजभाईंनी, दिवस तोच, युक्ती ठाऊक त्यांनाच, सांगितल्याचा पुरावा नाही. मुद्दाम केलं असं सिद्ध झालं नाही, म्हणून नोकरी राहिली. नुसता शेरा पडला आणि अठ्ठावीस वर्षं काट्यावर असलेला माणूस मळीच्या टाकीवर गेला. महांतेशनं ती फट चार दिवसांत बुजवली आणि दुरुस्तीची फ्लॉपी इतर सगळ्या कारखान्यांना धाडली. पैकी एका कारखान्यानं उलट कळवलं, की आणखी महिनाभर आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. मी सत्तावीस क्रमांकाचं परिपत्रक काढलं. ‘कीबोर्डवर अक्षता, फुले, नारळाचे पाणी इत्यादी अर्पण करू नये. पूजा झाकणावर करावी.’ प्रसंग तत्परतेनं हाताळल्याबद्दल पुढच्या वार्षिक सभेत माझा शाल देऊन सत्कार झाला. शाल चांगली आहे, उबदार आहे.

भिवराबाईंचा ऊस एप्रिलच्या शेवटी तुटला. तोवर त्यात रस किती राहिला असेल, ते इथं बसलेल्या शेतकऱ्यांना मी सांगायला नको. अकरापैकी दोघांनी तर वाट पाहून फडात जनावरं सोडली. आणि सिरसाळ्याच्या बाजारात, जिथं अडत्यांपासून फळवाल्यांपर्यंत सगळ्यांचे काटे अजीजभाई सुटीच्या दिवशी नीट करून देत, तिथून त्यांना बोलावणं येईनासं झालं. कारखान्यानं ज्याला काट्यावरून हटवलं त्याच्या हाती आपला काटा कोण देईल? शहजादीभाभी, हे तुम्ही घरात कसं काढलंत, ते मला ठाऊक नाही. मी कधी विचारायला आलो नाही. आमच्या घरापासून तुमचं घर चार गल्ल्यांवर आहे.

परवा सेवापुस्तक मिटलं आणि मी त्या चार गल्ल्या गेलो. अजीजभाई ओट्यावर एक जुना तराजू पुसत बसले होते. मी विचारलं, त्या दिवशी बटनं कोणी पुसली होती, हे तुम्हाला ठाऊक होतं का? ते म्हणाले, “साहेब, तुमचा रुमाल खिडकीत वाळत घातलेला होता. लालपिवळा. मी यंत्राच्या आदी खिडकीच बगितली.”

मी म्हणालो, मग समितीपुढं बोलला का नाहीत?

“बोललो हुतो की. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी बोललो, तुमच्यापाशी. त्येच दोनदा कशापायी बोलायचं?”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी आज सात मिनिटांत विशेषणं सांगून खाली बसलो असतो. अडीच वर्षं हा माणूस मला रोज दिसत होता, रोज ‘सलाम साहेब’ म्हणत होता, आणि मी रोज घड्याळात बघत होतो. मला लाज वाटली. एवढं साधं वाक्य म्हणायला मला आठ वर्षांपूर्वी घेतलेलं वक्तृत्वाचं बक्षीस काही कामाला आलं नाही.

अध्यक्ष महोदय, आपल्यापुढच्या हारांखाली मी तीन कागद ठेवले आहेत. पहिलं माझं लेखी निवेदन, त्यात रुमालासकट सगळं आहे. दुसरं अजीजभाईंचं पत्र, तारखेसह, अडीच वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये सुखरूप राहिलेलं. तिसरा, तो शेरा रद्द करून द्यायचा त्यांच्या सचोटीचा दाखला, रोहिणीताईंनी सकाळीच टाइप करून दिला आहे. माझ्यावर काय कारवाई करायची ते संचालक मंडळानं सवडीनं ठरवावं, माझी निवृत्ती पुढच्या वर्षी आहे. अजीजभाईंच्या बाबतीत मात्र सवड नाही. ते पावणेसहापर्यंत आपले कर्मचारी आहेत. त्यानंतर सेवापुस्तक बंद होतं आणि त्यातला शेरा मग कोणालाच खोडता येत नाही. आता पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली आहेत.

भाषणाच्या शेवटी, बोलण्याच्या ओघात काही उणंअधिक गेलं असल्यास क्षमा असावी, असं म्हणायचा रिवाज आहे. या भाषणात वेळेखेरीज काही अधिक गेलेलं नाही. क्षमा मागायची ती भिवराबाईंची आणि त्यांच्या गटातल्या दहा जणांची. शहजादीभाभींची आणि अदिबाची. आणि अजीजभाई, तुमची. तुम्ही त्यावर आज काही बोलू नका. आज एवढ्या लोकांसमोर तुम्हाला हो म्हणावं लागेल, आणि तशी माफी मला नको. सिरसाळ्याला दुकान उघडलं की मी येईन, तेव्हा मनात येईल ते सांगा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी दोनदा घंटी वाजवूनही मला थांबवलं नाही, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. चहा झाला आहे असं मागून खुणावत आहेत. आपण अवश्य घ्यावा. अध्यक्ष महोदय, पेन हारांच्याच बाजूला आहे. सही होईपर्यंत मी खाली बसत नाही, इथंच उभा आहे.